सुमनताईंचं आयुष्य रंगमंचावरून सांगताना

ठाण्यातला तुमचा हौशी गायकांचा गट सुमन कल्याणपूर यांच्या गाण्यांचा दोन तासांचा कार्यक्रम बसवतो आहे आणि निवेदनाची संहिता तुमच्याकडे आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. त्यांचं आयुष्य किती आणि कसं सांगावं? लताबाईंच्या आवाजाशी असलेल्या साम्याचा विषय काढावा की टाळावा? आणि गाणाऱ्या बायकांनी मूळ पट्टीचा, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातल्या सुराच्या उंचीचा, आग्रह धरावा का?

मी नौपाड्यात तीस वर्षं सुगम संगीत शिकवते. त्याआधी दहा-बारा वर्षं ऑर्केस्ट्रात गात होते. सुमनताईंची गाणी मी गायले, शिकवली, परीक्षक म्हणून शेकडो वेळा ऐकली. तुमचा दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून आधी तो घेते.

विषय टाळू नका, पण तुमच्या संहितेचं पहिलं वाक्य तेवढं काढून टाका. ‘लतादीदींची सावली म्हणून ओळखल्या गेलेल्या’ अशी सुरुवात केलीत की पुढचे दोन तास प्रेक्षक सावलीच शोधत बसतात. मग गाणं कितीही चांगलं झालं, तरी मध्यंतरात चहाच्या टेबलाशी एकच चर्चा होते, की हे अगदी लताचंच वाटतं, नाही?

हे मी भोगलेलं आहे. ऑर्केस्ट्राच्या दिवसांत वाशीला एका सोसायटीच्या गणेशोत्सवात मी ‘ना तुम हमें जानो’ गायले. निवेदकाने ते लताबाईंचं म्हणून जाहीर केलं होतं. ते सुमनताईंचं आहे, हे मला माहीत होतं. माईक माझ्या हातात होता, एक वाक्य बोलायला तीन सेकंद लागली असती, पण मी बोलले नाही. कार्यक्रम संपल्यावर एक वयस्क गृहस्थ मंचामागे आले आणि म्हणाले, “बाई, तुम्ही छान गायलात. पण ज्यांनी गायलं त्यांचं नाव घ्यायला हवं होतं.” त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं. तेव्हापासून माझ्या वर्गात नियम आहे: गायक, गीतकार, संगीतकार ही तीन नावं घेतल्याशिवाय कुणी गाणं सुरू करायचं नाही.

साम्य होतं. ते नाकारणं खोटं ठरेल. दोघींचा आवाज पातळ, स्वच्छ, उंच पट्टीत सहज फिरणारा. पन्नासच्या दशकात हिंदी चित्रपटाच्या नायिकेचा आवाज असाच हवा, हे संगीतकारांच्या मनात पक्कं झालं होतं. त्या साच्यात बसणारा दुसरा आवाज आला की कान आधी साच्याला ओळखतो, माणसाला नंतर. त्यात रेडिओवर मुखडा सुरू झाल्यावर कान लावणारे आपण, गायिकेचं नाव आधीच निघून गेलेलं. अशी कितीतरी गाणी घराघरांत वर्षानुवर्षं दुसऱ्याच नावाने नांदली.

पण साम्य सांगायचं तर ऐकवून सांगा. त्यासाठी एक सोय संगीतकार रोशन यांनी करून ठेवलेली आहे. १९६६च्या ‘ममता’मधलं ‘रहें ना रहें हम’ लताबाईंनी एकटीने गायलंय, आणि त्याच चित्रपटात तेच गाणं रफी आणि सुमन कल्याणपूर यांच्या युगुलस्वरांतही आहे. एकच संगीतकार, एकच चाल, मजरूह यांचेच शब्द. दोन्हींचे मुखडे पाठोपाठ ऐका, हेडफोन लावून, डोळे मिटून. माझ्या कानाला जे ऐकू येतं ते सांगते. लताबाईंचा सूर सुईच्या टोकासारखा येतो. जिथे लागायचा तिथेच लागतो आणि लागल्याबरोबर उजळतो. सुमनताईंच्या सुराला कडेने किंचित मऊपणा आहे. स्वर लागण्याआधी अगदी थोडी हवा येते आणि मग स्वर तीत उतरतो. मधल्या सप्तकात त्यांचा आवाज जरा भरीव आहे, तारसप्तकात तो धार न काढता वर जातो. वर्गात मी हा प्रयोग दरवर्षी करते. पहिल्यांदा निम्मे विद्यार्थी गोंधळतात. चौथ्या वेळी कुणीच गोंधळत नाही.

दोघी एकत्रही गायल्या आहेत: ‘कभी आज कभी कल कभी परसों’, १९५९च्या ‘चाँद’मध्ये, हेमंतकुमारांच्या संगीतात. कार्यक्रमात हे घेता आलं तर फार उत्तम, मात्र दोन चांगल्या गायिका हव्यात आणि दोघींनीही एकमेकींवर मात करायची नाही, असं आधी ठरवायला हवं.

आता आयुष्य. जन्म २८ जानेवारी १९३७चा. माहेरचं नाव सुमन हेम्माडी. घराणं कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचं सारस्वत. वडील सेंट्रल बँकेत अधिकारी होते, त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब ढाक्यात होतं. भावंडांत सुमन थोरली. १९४३ साली सगळे मुंबईत आले. पुढे जे. जे. कला महाविद्यालयात त्या चित्रकला शिकू लागल्या आणि गाणं घरगुती आवड म्हणून सोबत होतं. ही चित्रकलेची गोष्ट निवेदनात जरूर घ्या. तिच्यावरून गाण्याबद्दल सिद्धान्त मांडायला जाऊ नका, नुसती सांगा.

गुरूंपैकी केशवराव भोळे यांच्यावर मात्र थांबा. कल्याणपूरांवरच्या कार्यक्रमांत हे नाव घाईघाईत उच्चारून पुढे जातात, आणि मला वाटतं चूक तिथेच होते. केशवराव म्हणजे ‘प्रभात’ फिल्म कंपनीचे संगीतकार, ‘संत तुकाराम’ आणि ‘कुंकू’चे. हेम्माडी कुटुंबाचे स्नेही. गाणं शब्दांच्या अर्थातून उगवलं पाहिजे, असा आग्रह धरणारा आणि ‘एकलव्य’ या नावाने संगीतसमीक्षा लिहिणारा माणूस. अशा माणसाकडे गाण्याची सुरुवात झालेली मुलगी शब्दावर आदळून गात नाही. पुढे त्या उस्ताद अब्दुल रहमान खाँ आणि मास्टर नवरंग यांच्याकडेही शिकल्या, गळा तिथे तयार झाला. पण शब्द कसा उचलायचा आणि कसा ठेवायचा, हे मला भोळ्यांकडून आलेलं वाटतं.

१९५२मध्ये आकाशवाणी, १९५३मध्ये ‘शुक्राची चांदणी’ हा मराठी चित्रपट, आणि १९५४मध्ये ‘मंगू’. या ‘मंगू’ची हकिगत सांगण्यासारखी आहे. संगीतकार महंमद शफी यांनी त्यांच्याकडून तीन गाणी गाऊन घेतली. मग संगीतकार बदलले, ओ. पी. नय्यर आले, आणि त्या तिन्हींपैकी एक अंगाई तेवढी चित्रपटात उरली. सतरा वर्षांच्या मुलीची हिंदीतली सुरुवात अशी एका अंगाईने झाली. त्याच सुमारास ‘दरवाज़ा’त तलत महमूद यांच्याबरोबर युगुलगीत मिळालं. नव्या गायिकेला तलतबरोबर उभं करणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १९५८ साली रामानंद कल्याणपूर यांच्याशी लग्न झालं आणि हेम्माडीच्या कल्याणपूर झाल्या. रामानंद ध्वनिमुद्रणांना सोबत जात असत. संसाराचा भाग इतक्यावरच सोडा. त्या स्वतः खासगी गोष्टी चव्हाट्यावर आणणाऱ्या नव्हेत, आपणही तो मान ठेवावा.

हिंदीचा काळ सांगताना एक प्रसंग टाळता येत नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला गायकांना रॉयल्टी मिळावी की नाही यावरून लताबाई आणि रफी यांच्यात मतभेद झाले आणि दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. युगुलगीतं तर लागतच होती. त्यातली पुष्कळशी सुमनताईंकडे आली. ‘दिल एक मंदिर’चं शीर्षकगीत, ‘राजकुमार’मधलं ‘तुमने पुकारा और हम चले आए’, ‘जब जब फूल खिले’मधलं ‘ना ना करते’, खय्याम यांचं ‘ठहरिये होश में आ लूँ’. रफींबरोबर त्यांनी शंभराहून जास्त गाणी गायली.

या प्रसंगावरून लोक जो निष्कर्ष काढतात तो मात्र मला मान्य नाही. “भांडण झालं म्हणून संधी मिळाली” हे अर्धंच खरं आहे. ‘ना तुम हमें जानो’ ज्यातलं, तो ‘बात एक रात की’ १९६२चा. ‘बरसात की रात’मधलं कमल बारोट यांच्याबरोबरचं ‘गरजत बरसत सावन आयो रे’ १९६०चं, गौड मल्हारातलं, तेही रोशन यांचं. आणि ‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे’ १९६८चं, तोवर लता-रफी पुन्हा एकत्र गाऊ लागले होते. तरी शंकर-जयकिशननी तिथे सुमनताईंनाच घेतलं. शम्मी कपूरसाठी रफी मोकळे सुटले आहेत, बँड धडाडतो आहे आणि या बाई सुराचा तोल तसूभर न हलवता त्या गर्दीतून खळखळत जातात. शांत गाणारीला उडतं गाणं जमत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांना हे ऐकवा.

एकट्याने गायलेल्या हिंदी गाण्यांतलं एक जरूर घ्या: ‘शगुन’मधलं ‘बुझा दिए हैं’. खय्याम यांची चाल, साहिर यांचे शब्द. गाणं दुःखाचं आहे, पण कुठेही हुंदका आणलेला नाही. रडणं सुरात आणलं की सूर हलतो, हे त्या जाणत होत्या. तुमच्या गटातल्या ज्या गायिकेला हे गाणं द्याल तिला एकच सांगा, चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही.

आता मराठी. इथे वेळ घ्या, निम्म्याहून जास्त कार्यक्रम मराठीला द्या. हिंदीत त्या अनेक नामवंतांपैकी एक होत्या. मराठी भावगीतात त्यांचं स्वतःचं दालन आहे. तिथे कुणाशीही तुलना सुचतच नाही.

ठाण्याच्या प्रेक्षकांसाठी मी सुरुवात ‘जिथे सागरा धरणी मिळते’ या गाण्याने केली असती. ‘पुत्र व्हावा ऐसा’ या १९६१च्या चित्रपटातलं. गीतकार पी. सावळाराम, म्हणजे आपल्या ठाण्याचे जनकवी, या शहराचे माजी नगराध्यक्ष. आज त्यांच्या नावाने महापालिका पुरस्कार देते. संगीत वसंत प्रभू यांचं. सावळाराम, वसंत प्रभू आणि लताबाई या त्रयीची गाणी महाराष्ट्राच्या घराघरांत आहेत. त्याच जोडीने हे गाणं सुमनताईंना दिलं. वाट पाहणारीचं गाणं आहे ते. ‘मिळते’ या शब्दावर त्यांनी जोर दिलेला नाही, तो नुसता टेकवला आहे, ओहोटीच्या पाण्यासारखा. गाताना बहुतेक मुली तिथे लांबवतात आणि मुरकी, म्हणजे स्वरांचं झटकन वळण, घालतात. तेवढं करू देऊ नका.

मग दशरथ पुजारी. डोंबिवलीत राहिलेला हा संगीतकार म्हणजे आपल्याच जिल्ह्याचा माणूस. ‘केशवा माधवा’, ‘मृदुल करांनी छेडित तारा’, ‘नकळत सारे घडले’ ही रमेश अणावकरांची गीतं, आणि मधुकर जोशींचं ‘रिमझिम झरती श्रावणधारा’. पुजारींच्या चाली वरून सोप्या दिसतात. शिकवायला बसलं की कळतं, त्यात लपायला जागाच नाही. वाद्यं मोजकी, ठेका साधा, सगळा भार आवाजावर. ‘केशवा माधवा’ तर मी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या महिन्यात शिकवते आणि दहा वर्षं शिकलेल्यांना पुन्हा एकदा शिकवते.

अशोक पत्कींच्या सुरुवातीच्या काळातली गाणी हा तिसरा टप्पा. अशोकजी परांजपे यांचे शब्द: ‘केतकीच्या बनी तिथे’, ‘नाविका रे’, ‘एकदाच यावे सखया’. चालींत नवेपणा होता, गायिका तोवर मुरलेली होती. ‘केतकीच्या बनी’ स्पर्धांमध्ये इतकं गायलं जातं की परीक्षक कंटाळतात, असं लोक म्हणतात. मी कंटाळलेली नाही. मला प्रत्येक वेळी ऐकायचं असतं, की ही मुलगी ‘मोर’ शब्दाशी पोचल्यावर काय करते. सुमनताईंचा ‘मोर’ पिसारा मिटून उभा आहे, नाच त्याआधीच्या ‘नाचला’त येऊन गेला. मुली बहुधा ‘मोर’ला नाचवायला जातात.

चित्रपटगीतांत मधुसूदन कालेलकर आणि एन. दत्ता यांची दोन गाणी घ्या. ‘अपराध’मधलं महेंद्र कपूर यांच्याबरोबरचं ‘सांग कधी कळणार तुला’, आणि १९७७च्या ‘बाळा गाऊ कशी अंगाई’मधलं ‘निंबोणीच्या झाडामागे’. दुसऱ्याबद्दल शेवटी बोलते.

ऐंशीच्या दशकापासून त्यांचं गाणं कमी होत गेलं. १९८१च्या ‘नसीब’मधल्या ‘ज़िंदगी इम्तिहान लेती है’ या गाण्यात अन्वर आणि कमलेश अवस्थी यांच्यासोबत त्यांचा आवाज आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं. निवेदनात इथे कुणावर आरोप करू नका. ‘राजकारणाने त्यांना मागे टाकलं’ हे वाक्य तुमच्या संहितेत लाल शाईने अधोरेखित केलेलं आहे; ते काढा. असं वाक्य टाळ्या मिळवतं, पण त्याने बाईंचं सगळं आयुष्य तक्रारीत जमा होतं. त्यांचा राज्य शासनाने सन्मान केला तो लता मंगेशकर यांच्या नावाच्या पुरस्काराने, आणि २०२३मध्ये पद्मभूषण जाहीर झाला तो २५ जानेवारीला, सत्त्याऐंशीव्या वर्षात पदार्पण करायला तीन दिवस असताना. या दोन गोष्टी शेजारी शेजारी, कोणतंही विशेषण न लावता वाचा. सभागृहात काय होतं ते तुम्हाला मंचावरूनच जाणवेल.

आता पट्टी. मूळ पट्टीचा हट्ट सोडा. तुमच्या गटातल्या बहुतेक जणी चाळिशी-पन्नाशीच्या आहेत, नोकरी-संसार सांभाळून गातात. वयानुसार बायकांचा आवाज थोडा खाली उतरतो, त्यात कमीपणा नाही. माझी चाचणी अशी असते. अंतऱ्यातली सगळ्यात उंच ओळ घ्या आणि मूल झोपवताना जितक्या हळू गाल तितक्या हळू गा. हनुवटी वर जात असेल, मानेच्या शिरा दिसत असतील, तर अर्धा सूर खाली या आणि पुन्हा गा. असं करत जिथे आराम वाटेल तिथे थांबा. मग गाण्यातला सगळ्यात खालचा स्वर ऐकू येतोय का ते तपासा. नुसती हवा येत असेल तर जास्त खाली आलात. सुमनताईंची गाणी ओरडून वर नेली की काहीच उरत नाही. वरचा स्वर हळू लागणं हेच त्या गाण्याचं मर्म आहे.

कराओके ट्रॅक असेल तर अर्धा-एक सूर सरकवलेला चालतो, त्याहून जास्त सरकवला की व्हायोलिनं आणि बासरी विचित्र ऐकू येतात. वादक घेणार असाल तर सोपं आहे, पण तबलजींना पट्ट्यांची यादी आठवडाभर आधी द्या. प्रत्येक डग्गा-तबल्याच्या जोडीला सगळ्या पट्ट्या मानवत नाहीत, ऐन वेळी सांगितलंत तर दर गाण्याआधी हातोडीची ठोकाठोकी आणि निवेदनाचा विचका.

ध्वनी सांभाळणाऱ्या माणसाला एक विनंती करा: इको कमी ठेवा. हौशी कार्यक्रमात तो भरपूर दिला जातो, कारण गाणाऱ्याला बरं वाटतं. पण मराठी शब्दातला ‘ळ’, ‘ण’ आणि शेवटचा ऱ्हस्व स्वर त्यात वाहून जातो. हळू गाणाऱ्यांनी माईक जवळ धरावा, ओठांपासून चार बोटांवर, आणि किंचित तिरका, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ फुटत नाहीत.

तालमीचा एक भाग असा ठेवा की पहिले दोन दिवस कुणी गाणारच नाही. गीत कागदावर लिहून मोठ्याने वाचायचं. कुठे श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलने खूण करायची. शब्द मध्ये तुटता कामा नये आणि अर्थही तुटता कामा नये. मूळ ध्वनिमुद्रण ऐकताना सुमनताईंचा श्वास ऐकू येतो का ते शोधा. तो फार क्वचित सापडतो. घेतात नक्कीच, पण अशा जागी की कान तिकडे नसतो.

शेवटचं गाणं ‘निंबोणीच्या झाडामागे’ ठेवा. त्यांची हिंदीतली सुरुवात अंगाईने झाली हे तुम्ही आधी सांगितलेलं असेलच, इथे त्याची आठवण करून देऊ नका, प्रेक्षक आपोआप जोडतील. निवेदनात फक्त तीन नावं. ते गाणं चित्रपटात फार वेदनेच्या जागी येतं, तरी गायिकेचा आवाज ओला होत नाही. बाळ जागं होईल एवढाही तो हलत नाही. तुमच्या गटातली जी सगळ्यात कमी ‘भाव’ दाखवते, तिला हे द्या. पहिली ओळ एका श्वासात, सभागृहातले दिवे मंद, हार्मोनियम अगदी हलकी. टाळ्या नाहीत पडल्या तरी घाई करू नका, निवेदकाने लगेच आभार मानायला माईक उचलू नये. पडदा सरकवणाऱ्याला सांगून ठेवा, दहापर्यंत आकडे मोजून मग दोरी ओढ.